घर एक, उत्तरं पाच: नव्या फ्लूच्या लशीचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातली वयं आणि काही तपशील थोडे बदलले आहेत. नावं कुठेच नाहीत. निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण सगळी गंमत आणि सगळी चूक त्या क्रमातच आहे. मी या घराचा फॅमिली डॉक्टर.

पार्श्वभूमी

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात फ्लूचा एक नवा विषाणू सापडला. डुक्कर, पक्षी आणि माणूस या तिघांच्या फ्लू-विषाणूंचे तुकडे एकत्र येऊन तो तयार झाला होता. कागदोपत्री नाव एच१एन१, पण लोकांच्या तोंडी बसलं ते 'स्वाइन फ्लू'. ११ जून २००९ ला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. लशीला वेळ लागला. फ्लूची लस तेव्हा मुख्यतः कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून बनवत, आणि हा नवा पाहुणा अंड्यात सुरुवातीला मनासारखा वाढेना. आमच्यापर्यंत लस पोचली तोवर साथ ऐन भरात होती. रोज दवाखान्यात निम्मे पेशंट तापाचे, आणि उरलेले 'मला ताप येईल का' हे विचारायला आलेले.

घरात माणसं पाच. सून, वय ३१, दुसऱ्यांदा गरोदर, पहिल्या भेटीच्या वेळी सव्वीसावा आठवडा. तिचा नवरा, वय ३५, तब्येतीने ठणठणीत. मुलगा सात वर्षांचा, दमा आहे पण आटोक्यात; थंडीत पंप लागतो, एरवी नाही. सासूबाई ६१. आणि सासरे ६८. सासरे चालताना डावी चप्पल जमिनीला घासते. हा तपशील पुढे लागणार आहे.

पहिल्या भेटीला फक्त सासूबाई आणि सून आल्या. सासूबाईंनी खुर्चीत बसता बसताच विचारलं, "डॉक्टर, हिला ती नवी लस द्यायची की नाही, एवढंच सांगा." त्याच आठवड्यात गरोदर बाया आणि लहान मुलांसाठी लस मिळायला लागली होती. बाहेर अठरा पेशंट बसले होते. मी म्हणालो, "माझं मत घ्यावी असं आहे. पण घरी बोला, विचार करून सांगा."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

अडचण

विचार करायला त्यांना तीन आठवडे लागले. तीन आठवड्यांनी पाचही जण एकदम आले आणि प्रत्येकाच्या हातात वेगळी भीती होती.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "पोटुशी बाई साधी डोकेदुखीची गोळी घेताना दहादा विचार करते. आणि तुम्ही चार महिन्यांत उरकलेली लस टोचणार?"

नवऱ्याने रात्र रात्र जागून वाचन केलं होतं. त्याच्याकडे कागदांची चळत होती आणि तिच्या वर १९७६ सालची गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांच्या फ्लूसारखा विषाणू सापडला, एक जवान दगावला, आणि १९१८ च्या जगभरच्या फ्लूच्या साथीची पुनरावृत्ती होईल या धास्तीने राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी साऱ्या देशाला लस द्यायचं ठरवलं. सुमारे साडेचार कोटी लोकांनी ती घेतली. साथ आलीच नाही. उलट गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढलेले दिसले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि पायांपासून वर बळ जात जातं. डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. नवऱ्याने त्या ओळीखाली लाल रेघ ओढली होती.

रेघ ओढायला कारण घरातच होतं. सासऱ्यांना तिशीत हाच आजार झाला होता. लशीमुळे नाही, जुलाब होऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी. अडीच महिने अंथरुणावर, त्यातले काही दिवस श्वासाच्या यंत्रावर. डाव्या पावलात पूर्ण बळ कधीच परत आलं नाही. त्यामुळे 'लाखात एखादा' हा शब्द त्या घरात चालत नव्हता. लाखातला तो एखादा रोज त्यांच्याबरोबर जेवायला बसत होता.

सून अर्धा तास काही बोलली नाही. शेवटी तिने विचारलं, "लशीचं सगळं बोलून झालं. मला हा आजारच झाला तर काय होईल, ते कोणी सांगणार आहे का?"

त्या अर्ध्या तासातला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता, आणि ज्या बाईबद्दल चर्चा चालली होती तिलाच तो विचारायला इतका वेळ थांबावं लागलं.

समोरचे पर्याय

मी केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पाच रकाने आखले. 'लस घ्यायची का' हा प्रश्न घराला विचारला की भांडण होतं; एकेका माणसाला विचारला की उत्तरं निघायला लागतात, असा माझा अनुभव. तिथेही तसंच झालं.

आधी सून. नेहमीचा फ्लू म्हाताऱ्यांना जास्त छळतो. हा तरुणांना गाठत होता आणि त्यातही गरोदर बायांना. अमेरिकेत कुठल्याही वेळी लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का बाया गरोदर असतात. या साथीतल्या मृत्यूंमध्ये मात्र त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास दिसत होता. शेवटच्या तीन महिन्यांत धोका सर्वांत जास्त. वाढलेल्या गर्भाशयाने फुप्फुसं वर ढकललेली असतात, हृदयावर आधीच दोघांचा भार असतो, आणि गर्भ टिकावा म्हणून प्रतिकारशक्तीचा तोलही बदललेला असतो. दुसरी गोष्ट बाळाची. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याला मिळू शकते ती आईच्या प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची शिदोरी, आणि ती नाळेतून जाते. म्हणजे आईला टोचलेली सुई एक आणि राखण दोघांची.

'घाईत केलेली लस' या आक्षेपाला माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते मला आजही बरं वाटतं. फ्लूची लस दरवर्षी नव्याने बनते. साचा तोच, फक्त त्यात त्या वर्षीचा विषाणू ओततात. मारलेल्या विषाणूची, इंजेक्शनची फ्लूची लस गरोदर बायांना कित्येक वर्षं दिली जात होती. आमच्याकडे आलेली लस याच जुन्या साच्यातली होती, परिणाम वाढवणारं कुठलंही जादा द्रव्य तिच्यात नव्हतं. सासूबाईंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पीठ तेच, गाळणी तीच, पाणी तेवढं नवीन." नेमकं तसं नाही, पण मी मान डोलावली.

मग १९७६. इथे मी घाई केली नाही, कारण नवऱ्याची भीती खोटी नव्हती. त्या मोहिमेत दर एक लाख लसवंतांमागे गियाँ-बारेचा साधारण एक जादा रुग्ण सापडला. पण त्या वर्षी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काहीच नव्हतं. साथ आलीच नाही, त्यामुळे लशीचा जो काही त्रास झाला तो निव्वळ तोटा ठरला. या वेळी दुसरं पारडं रिकामं नव्हतं. मुलाच्या वर्गातले चार जण तापाने घरी होते. शिवाय फ्लूची लागणसुद्धा गियाँ-बारेला कारण होऊ शकते, हे त्याच्या चळतीत कुठेच नव्हतं. २००९ च्या लशीचा हिशेब पुढे लागला तो दर दहा लाखांमागे एक ते दोन जादा रुग्ण असा. पण त्या दिवशी हा आकडा माझ्या हातात नव्हता. मी म्हणालो, "१९७६ पेक्षा कमी असेल असं वाटतं." वाटतं, एवढंच.

पुढचा पर्याय सासूबाईंचा. "हिला नको. आम्ही बाकीचे घेतो. घरात आजार शिरलाच नाही तर हिला कुठून होणार?" कल्पना वाईट नव्हती. नवजात बाळाभोवती असं कुंपण घालतातच. पण कुंपणाला फट होती: बाकीच्या चौघांतले सासरे घेणार नव्हते, सात वर्षांच्या मुलाला दोन डोस लागत आणि दोघांमध्ये चार आठवडे, आणि सून स्वतः रोज कामाला जात होती. कुंपण पुरं होईपर्यंत बाळंतपण जवळ आलं असतं.

'थांबून बघू' हा नवऱ्याचा पर्याय. याच्याकडे मी उगाच नाक मुरडणार नाही. थांबल्याने खरंच काहीतरी मिळतं: दुसऱ्या लाखो लोकांचा अनुभव आयता हाती येतो. पण थांबायला काय पडतं तेही मांडावं लागतं. लस टोचल्यापासून प्रतिपिंडं पुरेशी तयार व्हायला साधारण दोन आठवडे. तीन आठवडे आधीच गेले होते. आणखी चार थांबलं तर सून तेहतिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऐन धोक्याच्या काळात उघडी. साथीच्या दिवसांत न घेतलेला निर्णयही अंमलात येतच असतो, रोज सकाळी दार उघडून माणूस बाहेर पडला की.

लशीऐवजी घरात ऑसेल्टामिव्हिर या फ्लूवरच्या औषधाच्या गोळ्या आणून ठेवायच्या, ताप आला की सुरू करायच्या, असाही एक विचार निघाला. तो मी पूर्ण फेटाळला नाही. पूरक म्हणून ठेवला.

मुलाचा रकाना लवकर भरला. दमा म्हणजे जास्त धोका, शाळा म्हणजे जास्त संपर्क. द्यायची. नवरा धडधाकट, त्याने घेतली तर बायकोसाठी आणि येणाऱ्या बाळासाठी. सासूबाई म्हणाल्या, "माझं बघू."

राहिले सासरे. इथे बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा हिशेब वेगळा होता. गियाँ-बारे फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांत झाला असेल तर पुढची फ्लूची लस देताना फार जपून वागतात. सासऱ्यांचा आजार लशीशी जोडलेला नव्हता, तेव्हा नियमाने त्यांना मनाई नव्हती. पण या विशिष्ट विषाणूपासून त्यांना धोकाही तुलनेने कमी होता. १९१८ च्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत माणसांत फिरत होते, त्यांची ओळख त्या काळातल्या मुलांच्या शरीराने लक्षात ठेवली होती. साठीच्या वरच्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात या नव्या विषाणूवर चालतील अशी प्रतिपिंडं सापडली होती. त्या वयात लागण झालीच तर आजार जड जातो, हेही मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मला नको डॉक्टर," म्हणाले. "तुमचं गणित बरोबर असेल. पण मी एकदा पाय हलवायचा प्रयत्न केला आणि तो हलला नाही. ती रात्र मी परत नाही बघणार." मग सुनेकडे वळून, "माझ्यामुळे तू मात्र थांबू नकोस. माझं दुखणं माझं आहे."

माझ्या पाच रकान्यांनी जे झालं नसतं ते या दोन वाक्यांनी झालं. सून म्हणाली, "मी घेते."

प्रत्यक्ष काय केलं

दोन दिवसांनी लसीकरणाचा दिवस होता. सुनेला दंडात इंजेक्शन. इथे वाद नव्हता.

मुलाच्या वेळी मात्र थोडक्यात निभावलं. त्या केंद्रावर दोन प्रकारच्या लशी होत्या. एक मारलेल्या विषाणूची, सुईची. दुसरी जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, नाकात फवारायची. मुलगा सुई बघून आईच्या मागे लपला आणि नर्सबाई प्रेमाने म्हणाल्या, "मग नाकात फुस्स करूया का?" मुलाने लगेच मान वर केली. नवऱ्याने फॉर्म भरला होता. 'दमा आहे का?' या प्रश्नापुढे त्याने 'नाही' वर खूण केली होती. खोटं बोलायचं म्हणून नाही. त्याच्या मते दमा म्हणजे धाप लागून बसलेला माणूस, आणि त्याचा मुलगा तर फुटबॉल खेळत होता.

नर्सबाईंनी फवाऱ्याचं टोपण काढलं. मुलाने नाक पुढे केलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, त्याच्या दप्तरात पंप असतो ना?"

जिवंत विषाणूची फवाऱ्याची लस तेव्हा दम्याच्या मुलांना देत नसत, धाप वाढण्याचा धोका म्हणून. गरोदर बायांनाही ती चालत नाही. टोपण परत लागलं. मुलाला सुई टोचली, तो रडला, आणि घरी जाईपर्यंत आजीशी बोलला नाही. ज्या बाईचा लशीवर सगळ्यात कमी विश्वास, तिनेच योग्य लस निवडली. फवारा नवऱ्याने घेतला.

नववा दिवस

नवव्या दिवशी रात्री साडेदहाला फोन. मुलाला १०२ ताप, खोकला, अंग दुखतंय. नवऱ्याचा आवाज बदललेला होता. "तुम्ही टोचलंत आणि त्यालाच झाला."

हा क्षण मला आधी दिसायला हवा होता. मारलेल्या विषाणूपासून फ्लू होऊ शकत नाही. त्या लशीने हात दुखतो, दिवस-दोन दिवस कणकण येते, तीही लगेच, नवव्या दिवशी नाही. फ्लूची लागण झाल्यापासून ताप यायला साधारण एक ते चार दिवस जातात, म्हणजे मुलाला विषाणू पाचव्या ते आठव्या दिवसाच्या मध्ये शाळेत कुठेतरी भेटला होता. लशीचं काम पुरं व्हायच्या आत. शिवाय त्या वयात पहिला डोस म्हणजे नुसती ओळखपरेड, खरी ताकद दुसऱ्यानंतर. हे सगळं मी फोनवर सांगितलं, आणि सांगताना मलाच ते सारवासारव केल्यासारखं वाटलं. खरं स्पष्टीकरण घटनेनंतर आलं की सबबीसारखं ऐकू येतं.

त्या रात्री दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. पहिली, घशातल्या स्रावाचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं का. यायला दोन-तीन दिवस लागत, आणि ऑसेल्टामिव्हिरचा उपयोग पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त. दम्याचं मूल. थांबलो नाही. नमुना घेतला आणि त्याच रात्री वजनाप्रमाणे औषध सुरू केलं.

दुसरी जास्त अवघड. सुनेने लस घेऊन तिलाही नऊच दिवस झाले होते. पर्याय दोन: लक्ष ठेवायचं आणि पहिल्या लक्षणाला औषध सुरू करायचं, किंवा आधीच दहा दिवस रोज एक गोळी प्रतिबंध म्हणून द्यायची. मारलेल्या विषाणूच्या लशीच्या कामात हे औषध अडथळा आणत नाही. तिसावा आठवडा, घरात खोकणारं मूल, आणि रात्री ते मूल आईच्याच कुशीत येणार हे मला माहीत. गोळी सुरू केली. नवऱ्याला दिली नाही: तो धडधाकट होता, आणि फवाऱ्यातला जिवंत विषाणू या औषधाने आधीच मेला तर लस वाया. मुलाची सगळी शुश्रूषा सासूबाईंनी अंगावर घेतली, आणि सून सासऱ्यांच्या शेजारच्या खोलीत झोपायला गेली. मुलगा दोन रात्री दाराशी येऊन उभा राहायचा. सून आतून बोलायची, तो बाहेरून.

निष्पत्ती

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: नवा एच१एन१, पॉझिटिव्ह. मुलाची छाती वाजायला लागली होती, पंप वाढवला, थोडे दिवस स्टेरॉइड दिलं. ऑक्सिजन खाली गेला नाही, दवाखान्यात भरती करावं लागलं नाही. सहाव्या दिवशी तो आजीकडे चेंडू मागत होता. खात्रीची लागण होऊन गेल्यामुळे दुसऱ्या डोसची गरज उरली नाही.

सुनेला ताप आला नाही. एकोणचाळिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, वजन तीन किलोच्या जरा खाली, ठणठणीत. नवरा आजारी पडला नाही. सासरेही नाहीत.

आणि सासूबाई? मुलगा बरा झाल्यावर तीन आठवड्यांनी त्या एकट्या आल्या. "बाळ दिवसभर माझ्याच मांडीवर असणार," म्हणाल्या आणि बाही वर केली. एव्हाना मुलाच्या उशाशी बसून त्यांना बहुधा नकळत लागण होऊन गेलीही असेल, असं मी सांगितलं. "असू द्या," म्हणाल्या. "झाली असेल तर गेली. नसेल तर?"

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणं भाग आहे. सुनेला फ्लू झाला नाही यावरून लस लागू पडली हे सिद्ध होत नाही. गोळी होती, वेगळी खोली होती, नशीबही होतं. आणि मुलाला फ्लू झाला यावरून लस फुकट गेली हेही नाही. एका घराच्या निकालावर निर्णयाची परीक्षा होत नाही. सासऱ्यांनी लस घेतली नाही आणि ते धडधाकट राहिले; उद्या त्यांना लागण झाली असती तरी त्या दिवशीचं त्यांचं म्हणणं मला अवाजवी वाटलं नसतं.

गोष्ट इथे संपली असती. पण ऑगस्ट २०१० मध्ये फिनलंड आणि स्वीडनमधून बातमी आली. तिथे दिलेल्या पँडेमरिक्स या लशीनंतर लहान मुलांत आणि किशोरांत नार्कोलेप्सीचे रुग्ण वाढलेले दिसत होते. दिवसा अनावर झोप येणं, हसता हसता हातपाय गळून पडणं असा तो आयुष्यभराचा आजार. फिनलंडच्या अभ्यासात पुढे ४ ते १९ वयोगटात साधारण १६ हजार लसवंतांमागे एक असं प्रमाण निघालं, आणि रोगाला बळी पडलेल्यांत एक ठरावीक जनुकीय ठेवण आढळली. त्या लशीत परिणाम वाढवणारं एएस०३ नावाचं जादा द्रव्य होतं. आमच्या लशीत ते नव्हतं आणि तशा लशींनंतर हा धोका असा दिसला नाही.

बातमी आली त्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. रागावलेला नव्हता. "डॉक्टर, तुम्ही म्हणाला होतात, काही होत नाही. मी फक्त विचारतोय, आपली कुठली होती?" मी पाकिटावरचा क्रमांक नोंदवून ठेवला होता. वाचून दाखवला. त्याने लिहून घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

'काही होत नाही' हे वाक्य मी खरंच बोललो होतो, मुलाला टोचायच्या आधी, त्याच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून. आमची लस वेगळी निघाली म्हणून मी वाचलो, पण ते बोललो तेव्हा मला ते माहीत नव्हतं. म्हणायला हवं होतं ते असं: हात दुखेल, ताप येऊ शकतो, लाखा-दहा लाखांत एखाद्याला गंभीर काही होऊ शकतं, आणि नवीन लशीत असं काही असू शकतं जे आज कोणालाच दिसलेलं नाही, तरीही आज माझ्या मते घेणं बरं. हे ऐकून त्याने नकार दिला असता का? मला नाही वाटत. चळत घेऊन येणाऱ्या माणसाला खात्री नको असते, आपल्याला लहान मूल समजू नये एवढंच हवं असतं.

सगळ्यात महागात पडलं ते पहिल्या दिवसाचं 'विचार करून सांगा'. त्याच आठवड्यात मुलाला पहिला डोस दिला असता, तर ताप आला त्या रात्री त्याला महिना झाला असता आणि दुसऱ्या डोसची वेळ झाली असती. कदाचित तरीही झाला असता फ्लू. पण 'विचार करून सांगा' ला मी तारीख लावली नाही, आणि बिनतारखेचा विचार घरात काळजीचं रूप घेतो. बाहेर अठरा पेशंट होते हे कारण खरं आहे. पुरेसं नाही.

नवव्या दिवसाचा फोन टाळता आला नसता, त्यातला आरोप टाळता आला असता. आता मी सुई टोचायच्या आधीच सांगतो: पुढचे दोन आठवडे ही लस तुमच्या कामाची नाही, त्या काळात फ्लू झाला तर तो लशीचा नाही, शाळेतला आहे, आणि झाला तर मला त्याच दिवशी फोन करा. आधी सांगितलं की तेच वाक्य सबब राहत नाही.

फॉर्मवरच्या प्रश्नाबद्दल मी केंद्रावर बोललो. 'दमा आहे का' च्या खाली पेनने एक ओळ वाढवली गेली: 'घरात पंप किंवा नेब्युलायझर आहे का?' माणसं रोगाचं नाव नाकारतात, वस्तू नाकारत नाहीत.

आणि सुनेशी मी पहिल्या भेटीत दोन मिनिटं एकटीशी बोलायला हवं होतं. तिचा प्रश्न तयार होता, तिला जागा नव्हती.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र मी काही बदललं नसतं. पुढच्या हंगामात हाच विषाणू नेहमीच्या वार्षिक लशीत घातला गेला, तेव्हा ते सुनेबरोबर आले. "आता ती साधी लस झाली म्हणे. तरी त्यात तोच आहे ना?" हो म्हणालो, पुन्हा सगळं मांडलं, आणि या वेळी म्हणालो, "गुरुवारी सांगा." गुरुवारी डावी चप्पल घासत ते आले. "नको," म्हणाले. मी केसपेपरवर तारीख घातली, कारण लिहिलं. ते खुर्चीतून उठले आणि नातीला मांडीवर घेऊन बसले, कारण आता सुनेला दंड मोकळा करायचा होता.